खिडक्यांचा शर्ट

नाना पोतनिसांच्या शर्टाला चार खिडक्या होत्या. शर्ट फाटका नव्हता हं. चांगला जाड, पांढरा, पुऱ्या बाह्यांचा शर्ट, आणि त्यात नीट आखून कापलेले चौकोन: एक डाव्या खांद्यावर, दोन कोपरांवर आणि एक पाठीवर, कॉलरच्या जरा खाली. चौकोनांच्या कडा काजाच्या टाक्याने सुबक शिवलेल्या. हा शर्ट घालून, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी चढवून नाना रोज सकाळी आपल्या छतावर अगदी कठड्याला लागून खुर्ची टाकत, आणि उज्जैनच्या फ्रीगंजमधली आमची सबंध गल्ली दात घासता घासता त्यांच्याकडे बघत उभी राही.

पहिल्यांदा विचारायला माझे बाबा गेले. त्यांना कोणाचंही विचित्र वागणं विचारून घेतल्याशिवाय चहा जात नसे. नाना वरूनच म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय. डाग आहेत. डागांना धूप द्यायची, बाकी अंग झाकून ठेवायचं. आता शर्ट काढला तर सगळंच उघडं, घातला तर सगळंच बंद. म्हणून खिडक्या पाडल्या. यात काय चुकलं, सांगा तुम्ही."

बाबांना चूक सापडेना. घरी येऊन आईला म्हणाले, "माणूस पागल आहे, पण बात सही आहे."

आमच्या उज्जैनच्या मराठीत ऊन नसतं, धूप असते. गच्ची नसते, छत असतं. पुण्याचे पाहुणे यावर हसतात. हसोत बापडे. पाठीवरच्या खिडकीला तर नाना 'रोशनदान', म्हणजे झरोका, म्हणत.

ही गोष्ट माझ्या शाळेतल्या दिवसांची. आज आठवायचं कारण आमची जुई. जुई माझी मुलगी, अकरावीत आहे. गेल्या दिवाळीनंतर तिच्या कोपरांवर आणि मानेवर पांढरे डाग दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, कोड आहे, कोणाला लागत नाही, घाबरायचं कारण नाही. मलम लावा आणि सकाळची धूप द्या, मी सांगतो तेवढीच, जास्त नको. मलम ती मुकाट्याने लावायची. धुपेचं नाव काढलं की दार लावून घ्यायची. आमच्या छतावर उभं राहिलं की आजूबाजूची सगळी छतं दिसतात, म्हणजे सगळ्या छतांना आपणही दिसतो. उन्हाळा लागला तरी पोरगी गळाबंद, पुऱ्या बाह्यांच्या कुर्त्यात. वृंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, समजावून पाहिलं. मी ओरडून पाहिलं, मग ओरडल्याबद्दल आइसक्रीम आणून पाहिलं. औषध अर्धंच पोटात, म्हणजे अंगात जात होतं आणि डाग वाढत होते. रात्री जेवताना आम्ही तिघंही पंख्याबद्दल बोलायचो, लौकीच्या, म्हणजे दुधीच्या, भाजीबद्दल बोलायचो, त्या एका गोष्टीबद्दल नाही.

तेव्हा मला धूप या विषयातला एकमेव जाणकार आठवला. तो समोरच्याच घरात राहत होता आणि त्याचे डाग, माझ्या समजुतीप्रमाणे, बरे झालेले होते.

पण नाना नुसत्या शर्टावरून कळायचे नाहीत.

नोकरी वीज खात्यात आणि भक्ती सूर्याची, असा सगळा प्रकार. घरात दिवसा दिवा लावलेला त्यांना खपत नसे. मनगटावर घड्याळ होतं, पण त्याच्यावर विश्वास नव्हता. ते म्हणत, घड्याळाची वेळ सगळ्या देशाची, आपला सूर्य त्याच्यामागून जवळजवळ अर्ध्या तासाने येतो. पटत नसेल तर वेधशाळेत जाऊन सूर्याचं घड्याळ बघा. आम्ही शाळेच्या सहलीत बघून आलो होतो, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. परिणाम एवढाच, की नाना प्रत्येक लग्नाला मुहूर्त टळल्यावर पोचत आणि उरलेल्या अक्षता हातात घेऊन म्हणत, "माझ्या हिशेबाने वेळेवर आलोय. तुम्हीच घाई केली."

दुसरा नाद कापडाचा. समोरच्या माणसाशी बोलता बोलता नाना त्याची बाही दोन बोटांत धरत, उजेडाकडे ताणत आणि डोळा बारीक करून बघत. "छनून येते का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. यायची ती धूप. कापडातून धूप गाळून येत असेल तर कापड पास. बाबांनी हौसेने सफारी सूट शिवला, तो घालून ते दाखवायला गेले. नाना म्हणाले, "मजबूत आहे. पण यात धूप शिरत नाही. आत माणूस आहे की लोणचं, सूर्याला कळणार नाही." बाबांनी तो सूट पुढे फक्त थंडीत वापरला. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात तर नानांनी चक्क नवरदेवाच्या शेरवानीची बाही धरली. मुलाकडच्यांना वाटलं, ही आमच्याकडची काहीतरी रीत आहे. त्यांनी दुसरीही बाही पुढे केली.

टॉवर चौकातल्या कापडवाल्यांनी तर नानांची धास्तीच घेतली होती. नाना दुकानात शिरत, थान उलगडायला लावत, ते घेऊन फुटपाथवर येत आणि डोक्यावर धरून सूर्याकडे बघत. "पोतनीस साब, खरीदना है कि धूप दिखाना है?" असं एकाने वैतागून विचारलं. नाना गंभीरपणे म्हणाले, "भैया, ऐसा कपडा चाहिए जिसमें से धूप अंदर आए, नजर अंदर न आए."

"ऐसा कपडा तो अभी बना नहीं साब."

"तभी तो ढूँढ रहा हूँ."

हे उत्तर मी स्वतः ऐकलंय. आईने मला परकराचं अस्तर आणायला पाठवलं होतं आणि मी ते विसरून नानांचा तमाशा बघत उभा होतो.

घरी आणलेल्या कापडाची परीक्षा होई ती पतंगाच्या कागदावर. संक्रांतीला उरलेला गुलाबी कागद, अगदी स्वस्तातला, नाना छतावर पसरत. त्यावर कापडाचे तुकडे ठेवत, वर खडे. मलमल, लठ्ठा, पॉपलीन, टेरीकॉट, कोणाच्या तरी जुन्या जीन्सचा पाय. काही दिवसांनी तुकडे उचलून बघायचं. मलमलीखालचा गुलाबी रंग पार उडालेला असे, जीन्सखाली तो जसाच्या तसा. "बघ," ते मला म्हणत, "उजेड डोळ्यांना दिसतो. पण औषधाची धूप वेगळी, ती दिसत नाही. तिला दाट वीण चालत नाही, गडद रंग चालत नाही. आणि काच तर बिलकुल नाही." कारण कोणीतरी त्यांना सुचवलं होतं, की छतावर कशाला, काचेची खिडकी लावून घरातच बसा ना. नानांनी त्याला कागदाचे दोन तुकडे दाखवून घराबाहेर काढलं होतं.

एकदा ते भैरवगढला गेले. तिथले छिपे लाकडी ठशांनी कापड छापतात. नानांनी पातळ मलमलीवर इतकी गच्च वेलबुट्टी छापून घेतली, की लांबून बघणाऱ्याची नजर फुलापानांतच अडकावी, आणि धूप मधल्या जागेतून आत जावी. कल्पना खरोखर अक्कल चालवून काढलेली होती. मोठ्या थाटात ते कापड कागदावर पसरलं. उचललं तेव्हा खालच्या कागदावर गुलाबी वेलबुट्टी उठली होती. जिथे रंगाची छपाई होती तिथे धूप अडली, बाकी ठिकाणी कागद पांढरा. नाना बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मागे माई उभ्या होत्या, नानांच्या पत्नी. त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. "अहो, अंगावर वेलबुट्टी उठेल!" त्या म्हणाल्या.

माईंबद्दल मी अजून काही सांगितलं नाही, कारण गल्लीतही कोणी फारसं काही सांगत नसे. त्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. अंगभर पदर, लांब बाह्यांचं पोलकं, मंद बोलणं. त्यांच्या हातचे चकोल्यांचे तुकडे मी वाटी पुढे करून मागून घ्यायचो. त्यांच्या बोटांची टोकं नेहमी पांढरी असायची. मला वाटायचं, कणकेतून उठून आल्या असतील. सकाळी छतावर नानांच्या खुर्चीच्या आडोशाला पाट टाकून त्या वाती वळत किंवा डाळ निवडत बसत. पेशंट नाना, आणि माई सोबतीला. गल्लीने असंच धरलं होतं. लक्ष जायचं ते नानांकडे, आणि नाना ते जाऊच देत.

मध्येच ते खणखणीत आवाजात ओरडत, "पलटी!"

म्हणजे एक बाजू शेकून झाली, आता दुसरी. आमच्याकडे गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे गोळे, बाफले, असेच उलटवतात, म्हणून आम्ही पोरं खालून ओरडायचो, "नाना, तूप आणू का?" गंमत अशी, की पलटी म्हटल्यावर नाना स्वतः पुष्कळदा पलटतच नसत. ते हटकून काहीतरी नवीनच काढत. भाजीवाल्याशी भांडण, टोपी उडवून पुन्हा झेलणं, नाहीतर समोरच्या घरातल्या माझ्या आजोबांना "रामराम". आजोबांना ऐकू येत नसे म्हणून तो रामराम इतका मोठा, की कावळे उडत. मग पुन्हा सगळी गल्ली हसे. पेशंटलाच पलटायची आठवण नाही, असं बाबा म्हणत.

डागांवर उपाय सुचवायला तर अख्खा मोहल्ला पुढे आला. कोणी लेप दिला, कोणी काढा. माझ्या आईने रोज कडुलिंबाचा रस धाडायचा सपाटा लावला. मीच पेला घेऊन जायचो. नाना तो माझ्यासमोर घटाघटा पीत, तोंड वाकडं करत आणि म्हणत, "आईला सांग, फायदा आहे."

मग एका हिवाळ्यात खिडक्यांचा शर्ट दिसेनासा झाला. बरं वाटलं असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. गल्लीला हसायला दुसरी माणसं मिळाली. वर्षं गेली. आई-बाबा गेले. नानांचा मुलगा पुण्याला स्थायिक झाला, नाना निवृत्त झाले, आणि चारेक वर्षांपूर्वी माई गेल्या. तेव्हापासून नाना अगदी साधे झाले. इस्त्रीचा बुशशर्ट घालून वेळेवर, म्हणजे घड्याळाच्या वेळेवर, दूध आणायला जात. कोणाची बाही धरत नसत. मला ते बघवत नसे, खरं सांगतो. इतका शहाणा माणूस आमच्या गल्लीत चांगला दिसत नव्हता.

तर तीन-चार दिवसांपूर्वी एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. नाना खोलीत बसले होते, दिवा लावून. मी जुईचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "नाना, तुम्ही तिच्याशी बोला ना. तुमचे डाग गेले, हे तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला धीर येईल."

"माझे डाग?" नाना म्हणाले.

त्यांनी बुशशर्टाची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. सुरकुतलेला, गव्हाळ, एकरंगी हात. मग दुसरा. "मला कुठे डाग होते रे, अविनाश?"

मी दोन्ही हात उलटून पाहिले.

"तुझ्या आईचा कडुलिंब सहा महिने प्यायलो. मला काही झालेलंच नव्हतं. खालून नुसत्या खिडक्या दिसायच्या, आतलं कोणाला दिसत होतं?"

आणि मग मला एकदम माईंची बोटं दिसली. ती कणीक नव्हती.

नाना सावकाश सांगत गेले. या गल्लीत यायच्या आधी ते दुसऱ्या मोहल्ल्यात राहत. तिथे हळदीकुंकवाला एका बाईने माईच्या हातचं पन्हं घेतलं नाही. पेला तसाच ताटात परत ठेवला, सगळ्यांसमोर. त्या दिवसापासून माईने बाह्या लांब केल्या आणि छतावर जाणं सोडलं. वाळवण घालायलाही जाईना. डॉक्टर म्हणत धूप द्या, आणि ही खोलीतून बाहेर येईना. म्हणून ते कापड शोधणं. "नजर अडवणारं आणि धूप येऊ देणारं कापड. नाहीच मिळालं. तू तर बघितलंयस, किती हिंडलो. मग मी म्हटलं, नजर अडत नाही ना, तर तिला दुसरीकडे लावून देऊ. तिच्या पोलक्याला जिथे खिडक्या पाडल्या, तिथेच माझ्या शर्टाला पाडल्या. म्हणजे दोघांचं एकच. टाके तिनेच घातले, माझ्या शर्टालाही. हसत होती घालताना."

"आणि पलटी?"

"ती रस्त्याकडे पाठ करून बसायची ना. पलटी म्हटलं की तिला तोंड रस्त्याकडे करावं लागायचं. तेवढ्यात मी भाजीवाल्याला धरायचो."

मी विचारलं, "माईंचे गेले का?"

"पाठीचे, हातांचे पुष्कळ भरले. बोटांचे राहिले. बोटांचे ढीठ असतात, सहजी हटत नाहीत, डॉक्टर म्हणालेच होते. पण एका संक्रांतीला ती आपणहून बाहेर पडली आणि सगळ्या गल्लीला त्याच बोटांनी तिळगूळ वाटून आली. एकानेही परत केला नाही. तुम्ही पोरांनी तर दोनदा घेतला. घरी आली आणि म्हणाली, आता पुरे तुमचा शर्ट." नानांनी बाही खाली केली. "तरी आम्ही छतावर बसायचोच. सवय झाली होती. ती गेल्यावर वरचं दार उघडलं नाही मी. वर जाऊन पलटी कोणाला म्हणू?"

जुईशी बोलण्याचा विषय पुन्हा काढवेना. निघताना नानाच म्हणाले, "सांगून काही होत नाही रे. माईने तरी माझं सांगणं कुठे ऐकलं होतं?"

घरी येऊन मी हे सगळं वृंदाला सांगितलं. जुई आतल्या खोलीत होती. दार किलकिलं होतं, ते मला नंतर दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून हातोडीचा आवाज यायला लागला. गंजलेली कडी निघाली, दार करकरलं आणि नाना पोतनीस छतावर आले. अंगात तोच शर्ट. पिवळा पडलेला, आणि नाना आत इतके आटले आहेत, की खांद्याची खिडकी दंडावर उतरली होती. डोक्यावर ताज्या वर्तमानपत्राची टोपी. त्यांनी कठड्याला लागून खुर्ची टाकली, मागे पाट टाकला आणि आमच्या घराकडे तोंड करून ओरडले, "जुई! अगं, डॉक्टरांनी धूप खायला सांगितली आहे आणि एकट्याला चक्कर येते. सोबतीला येऊन बसतेस का?"

चक्कर वगैरे सगळं खोटं. पण जुई गेली. गळाबंद कुर्त्यातच गेली, नानांच्या मागे नुसती बसून राहिली आणि खाली आली. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतरच्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, कैची कुठे आहे? आणि माझा तो जुना पांढरा कुर्ता?"

वृंदाने कैची काढून दिली. काजाचा टाका तिला स्वतःला येत नव्हता. मोबाइलवर बघून दोघींनी रात्री उशिरापर्यंत तो शिकून घेतला. मी खोलीबाहेर उगाच पाणी पीत फिरत होतो.

आज सकाळी मी खिडकीत चहा घेऊन उभा होतो. गल्ली जागी झाली होती. दूधवाला सायकलवरून उतरून वर बघत होता, समोरच्या किराणावाल्याचा मुलगा मोबाइल धरून नानांचा फोटो काढत होता, शाळेत निघालेली पोरं टोपीकडे बोट दाखवून खिदळत होती. नाना खुशीत होते. इतक्यात तो आवाज आला, थोडा थरथरता, पण तसाच.

"पलटी!"

आणि लगेच कठड्यावरून अर्धे बाहेर वाकून नानांनी भाजीवाल्याला गाठलं, "ए भैया! ये लौकी बेच रहे हो कि तंबूरा?"

भाजीवाला चिडला. लौकी वर उंचावून तो ताजेपणाची शपथ घ्यायला लागला, नाना हटेनात, गल्ली हसायला लागली. सगळे नानांकडे बघत होते. त्यांच्या मागे जुईने तोंड आमच्याकडे वळवलं असणार.

मीही नानांकडेच बघत राहिलो.